एलटी-१ कॉर्व्हेटचा पाण्याने गेलेला ऑप्टीस्पार्क बदलताय? आधी पाणी कुठून आलं ते शोधा

१९९२ ते १९९६ ची सी-४ कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हर्लेच्या या स्पोर्ट्स कारची चौथी पिढी, एलटी-१ इंजिनवाली, ज्याच्याकडे आहे त्याची कधी ना कधी ऑप्टीस्पार्कशी (थोडक्यात ऑप्टी, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला पाळीप्रमाणे स्पार्क पोचवणारा या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर) गाठ पडतेच. गाडी पावसात मिसिंग करायला लागते, किंवा नीट धुऊन पुसून ठेवलेली दुसऱ्या दिवशी स्टार्टच होत नाही, किंवा गरम झाली की बंद पडते आणि तासाभराने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. मग कोणीतरी सांगतं की डिस्ट्रिब्युटर गेला, बदलून टाक. आपण नवा आणतो, दोन दिवस घालवून बसवतो आणि काही महिन्यांत परत तेच. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं, आणि का झालं ते मी दुसऱ्यांदा सगळं उघडलं तेव्हा समजलं. वरच्या वॉटर पंपातून थोडं थोडं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपत होतं, मी पहिल्या वेळी ते बघितलंही होतं आणि दोन थेंबांनी काय होतंय म्हणून तोच पंप परत चढवला होता. म्हणून हा लेख लिहितोय. डिस्ट्रिब्युटर बसवणं तसं जमण्यासारखं काम आहे, पण पाण्याची वाट बंद केली नाही तर ती सगळी मेहनत पाण्यातच जाणार.

आधी ही वस्तू आहे काय आणि बसते कुठे ते बघू. शेव्हर्लेच्या जुन्या व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागच्या बाजूला वर उभा असायचा, एलटी-१ मध्ये तो पुढे, टायमिंग कव्हरवर (इंजिनच्या पुढच्या झाकणावर) आडवा बसवलाय, थेट कॅमशाफ्टच्या टोकावर फिरतो, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर वॉटर पंप. पंपाचं सील झिजलं की पाणी पंपाखालच्या छोट्या भोकातून बाहेर येतं, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, म्हणजे सील गेल्याचं आपल्याला कळावं, पण इथे त्या भोकाच्या खाली काय आहे तर हा डिस्ट्रिब्युटर. अजून एक गोष्ट, या इंजिनमध्ये पंप बेल्टवर फिरत नाही, कॅमच्या गिअरवरून एक छोटा शाफ्ट टायमिंग कव्हरमधून बाहेर येतो आणि कपलरने, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याने, पंप फिरवतो. त्या शाफ्टचं सील गेलं तर तिथून ऑइल गळतं, आणि तेही खाली ऑप्टीवरच.

आतमध्ये एक पातळ चकती असते, तिच्या बाहेरच्या कडेला ३६० बारीक फटी आणि आतल्या बाजूला ८ फटी, काही रुंद काही अरुंद. एका बाजूला प्रकाश टाकणारा एलईडी आणि समोर तो वाचणारा सेन्सर. चकती कॅमच्या वेगाने फिरते, म्हणजे बाहेरची एक फट म्हणजे क्रँकचे २ अंश, इतक्या बारकाईने कॉम्प्युटरला इंजिनची जागा कळते, आणि ८ फटींवरून कुठल्या सिलेंडरची पाळी आहे ते कळतं. कल्पना खरंच सुंदर आहे, मला आजही आवडते. पण त्याच डब्यात, एका पातळ आडोशापलीकडे, रोटर (फिरणारा हात) आणि कॅप (वायरींची टोकं असलेलं झाकण) हजारो व्होल्टचा स्पार्क उडवत असतात. स्पार्क उडतो तिथे ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, त्या ऑक्साइडमध्ये ओलावा मिसळला की आम्ल बनतं आणि ते आम्ल आतलं सगळं खातं. म्हणूनच कॉर्व्हेटमध्ये १९९५ पासून या डब्याला हवा खेळती ठेवणाऱ्या दोन नळ्या दिल्या, एकीतून गाळलेली हवा आत येते, दुसरी इनटेकच्या व्हॅक्यूमवर ती ओढून घेते.

पार्ट मागवण्याआधी हे पक्कं करा. १९९२ ते १९९४ च्या कॉर्व्हेटमध्ये ऑप्टी स्प्लाइनवर म्हणजे दातेरी शाफ्टवर बसतो आणि त्याला हवेच्या नळ्या नाहीत. १९९५ आणि १९९६ मध्ये तो कॅमच्या टोकाच्या पिनवर बसतो आणि नळ्या आहेत. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. इंजिन आधी कोणी बदललेलं असेल तर गाडीच्या सालावर भरवसा ठेवू नका, जुना काढून त्याची मागची बाजू बघा आणि मग ऑर्डर द्या.

खरंच ऑप्टीच गेलाय का?

ही पायरी लोक सोडतात. एलटी-१ बंद पडली की दोष ऑप्टीच्याच माथी मारायचा अशी सवयच लागलीये, पण इग्निशन कॉइल आणि त्याच्या शेजारचं मॉड्यूल हे दोन्ही बाहेर आहेत, काढायला सोपे आहेत आणि तेही गरम होऊन बंद पडतात. त्यामुळे आधी कॉइलच्या वायरला स्पार्क टेस्टर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कॉइलवर चांगला निळा स्पार्क येतोय पण प्लगवर येत नाहीये, तर कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरी. कॉइलवरच काही नाही, तर मग मॉड्यूल, कॉइल किंवा ऑप्टीचा सिग्नल. तिथे स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य दाखवतोय तर कॉम्प्युटरपर्यंत ८ फटींचा सिग्नल पोचतच नाहीये, आणि तो नाही म्हणजे नुसता स्पार्कच नाही, इंजेक्टरही गप्प. १९९५ पर्यंतच्या जुन्या प्रणालीत कॉम्प्युटरचा बिघाडाचा कोड १६ आला तर ८ फटींचा सिग्नल, ३६ आला तर ३६० फटींचा. कोड दिसला तरी लगेच पार्ट मागवू नका, ऑप्टीकडे जाणारा चार पिनांचा कनेक्टर उघडून बघा, कारण पाणी किंवा ऑइल तिथे साचून पिना हिरव्या पडल्या तरी हेच कोड येतात.

आता पाणी. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या, पंपाच्या खालून बघा. कूलंट सुकलं की पांढरट किंवा रंगीत ओघळ राहतो, अगदी भिंतीवर ओल उतरते तसा. तसा ओघळ दिसला तर पंप गेलाय. दिसला नाही तर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून अर्धा तास ठेवा, थंड इंजिनवर जे गळत नाही ते प्रेशरखाली गळतं. दोन्हीत काही सापडलं नाही आणि गाडी फक्त धुतल्यावर किंवा पाण्यातून गेल्यावरच बंद पडत असेल, तर पाणी बाहेरून जातंय, मग १९९५-९६ च्या गाडीत त्या हवेच्या नळ्या तपासा, बऱ्याचदा एखादी निघालेली किंवा तडकलेली असते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

काय काय जवळ हवं

ऑप्टी, नवा वॉटर पंप आणि त्याची गॅस्केट, पंपाच्या शाफ्टचं सील, ऑप्टीच्या मागचं सील, पंपाचा कपलर, प्लगच्या वायरी जुन्या असतील तर नवा सेट, आणि कूलंट. थर्मोस्टॅट आणि होज फुगलेले असतील तर आत्ताच बदला, परत सगळं खोलायची वेळ येऊ देऊ नका. हत्यारांत साधा सॉकेट सेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच, जॅक, आणि दोन मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

ऑप्टीच्या निवडीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. त्यातला महागाचा आणि महत्त्वाचा भाग म्हणजे आतला ऑप्टिकल सेन्सर, मूळचे सेन्सर मित्सुबिशीचे होते आणि ते टिकाऊ होते. तुमचा सेन्सर चांगला आहे आणि फक्त कॅप-रोटर गंजलेत अशी खात्री असेल तर मूळ बॉडी ठेवून कॅप आणि रोटर बदलणं हे स्वस्तातला अख्खा नवा घेण्यापेक्षा बरं. मी एकदा अगदी स्वस्तातला घेतला होता, तो पहिल्याच उन्हाळ्यात गरम झाल्यावर सिग्नल सोडायला लागला. कामाचे तास मोजले तर पार्टमध्ये वाचवलेले पैसे कुठेच राहत नाहीत.

खोलायला सुरुवात

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉर्व्हेटचं बॉनेट अख्खं पुढे झुकतं त्यामुळे वरून जागा भरपूर मिळते, पण ऑप्टी इतका खाली आहे की निम्मं काम खालूनच करावं लागतं, म्हणून पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून.

रेडिएटरच्या खालची तोटी उघडून कूलंट काढा, स्वच्छ भांड्यात. ते जमिनीवर सांडू देऊ नका, गोडसर लागतं म्हणून कुत्रीमांजरं चाटतात आणि ते विष आहे. तोटीतून सगळं येत नाही, पंप सैल केला की ब्लॉकमधलं उरलेलं भसकन बाहेर येतं, त्यामुळे त्याआधीच ऑप्टी आणि त्याचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. जुना फेकायचाच असला तरी गुंडाळा, कनेक्टर आणि वायरिंग तर तेच राहणार आहे.

मग हवेचा पाइप काढा, बेल्टचा टेन्शनर वळवून बेल्ट काढा, पंपाचे होज आणि पंपावरचा टेम्परेचर सेन्सरचा कनेक्टर सोडवा. पंप सहा बोल्टवर असतो, तीन एका बाजूला तीन दुसऱ्या. बोल्ट एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्याच जागी खुपसून ठेवा. पंप सरळ पुढे ओढा, वाकडा करू नका, आतला कपलर शाफ्टवरून सुटायला हवा. तो निघाला की ब्लॉकच्या दोन्ही भोकांत स्वच्छ फडकं कोंबा आणि जुनी गॅस्केट खरवडा, तिचे तुकडे आत गेले तर पुढे रेडिएटर चोंदतो.

आता खालून क्रँकचा डॅम्पर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरचं कंपनं शोषणारं जड चाक. तो तीन बोल्टने हबला लागलेला असतो, हब काढायची गरज नाही. मात्र डॅम्पर आणि हब दोघांवर मिळून एक खूण करा, पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ, कारण डॅम्परला बॅलन्सचं वजन लावलेलं असतं आणि तो आधी होता त्याच जागी परत बसायला हवा. क्रँकचं सील पण गळत असेल आणि हबही काढावा लागणार असेल तर जास्तच सांभाळा, या हबला चावीची खाच नाही, तो कसाही फिरून बसू शकतो, म्हणून हब आणि क्रँक यांच्यातही खूण हवी.

आता ऑप्टी समोर दिसेल. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला टेप लावून सिलेंडरचा नंबर लिहा. सीटवर बसून बघितलं तर डावीकडे पुढून मागे १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. बूट (वायरच्या टोकाचं रबरी टोपण) धरून थोडा पिळा आणि मग ओढा, वायरला धरून ओढलं तर आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही. कनेक्टरचं लॉक नखाने किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळू उचला, इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते बिस्किटासारखं मोडतं. १९९५-९६ ला नळ्याही काढा. मग तीन बोल्ट काढून ऑप्टी सरळ पुढे ओढा. चिकटला असेल तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवा, स्क्रूड्रायव्हर घालून टायमिंग कव्हर उचकटू नका, ते ॲल्युमिनियमचं आहे.

जुना काढला की लगेच फेकू नका, उघडून बघा. माझ्या पहिल्या ऑप्टीची कॅप उघडली तेव्हा आत पितळेच्या टोकांवर हिरवी बुरशी आल्यासारखा थर होता, रोटरच्या पत्रीची कड खाल्लेली होती, आणि दोन टोकांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे स्पार्कने शोधलेला शॉर्टकट, ओलसर कॅपवरून करंट एका सिलेंडरच्या ऐवजी दुसऱ्याकडे पळतो आणि गाडी खोकायला लागते. दुसऱ्यांदा उघडला तेव्हा चकतीवरच नारंगी गंजाची भुकटी होती, आणि ३६० फटींमधल्या काही पार बुजलेल्या. आत कूलंटचा वास आला तर पंप दोषी, ऑइल दिसलं तर सील. काय सापडलं ते नीट बघून घ्या, पुढे काय काय बदलायचं ते त्यावरूनच ठरतं.

सील, हाच खरा इलाज

ऑप्टी बाहेर असताना टायमिंग कव्हरमध्ये दोन सील तुमच्या समोर असतात, वरचं पंपाच्या शाफ्टचं आणि मधलं ऑप्टीचं. गळत नसली तरी दोन्ही बदला. जुनं सील काढताना कव्हरच्या भोकाच्या कडेला ओरखडा पडू देऊ नका, नाहीतर नवं सील कितीही चांगलं असलं तरी त्या ओरखड्यातून ऑइल येणार. नवं सील त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने हळूहळू ठोका, सगळीकडून सारखं आत जायला हवं. पंपाच्या शाफ्टवरून सील सरकवताना त्याची आतली नाजूक कड शाफ्टच्या दातांवर फाटते, त्यासाठी पातळ प्लॅस्टिकच्या शीटची गुंडाळी शाफ्टवर चढवायची, तिच्यावरून सील घालायचं आणि मग प्लॅस्टिक ओढून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे पण यामुळेच सील टिकतं.

नवा बसवणं

नव्या ऑप्टीचा शाफ्ट हाताने फिरवून बघा, खरखर नको, डगमग नको. मग कॅमच्या टोकाची पिन किंवा स्प्लाइन कुठल्या दिशेला आहे ते टॉर्चने बघा आणि ऑप्टीचा शाफ्ट तसाच फिरवून घ्या. हा शाफ्ट एकाच स्थितीत बसतो. हलकेच आत ढकला, थोडं डावी-उजवीकडे फिरवत, आणि तो हातानेच कव्हरला पूर्ण टेकला पाहिजे. इथे एक चूक खूप लोक करतात, दोन-तीन मिलिमीटर फट राहते आणि ते बोल्ट आवळून ती ओढून घेतात. कृपा करून तसं करू नका. फट आहे म्हणजे पिन खाचेत गेलेली नाही, बोल्ट आवळले की ऑप्टीची पाठ फुटते किंवा शाफ्ट वाकतो, आणि नवाकोरा पार्ट सेल्फ मारायच्या आधीच संपतो. बाहेर काढा, परत बघा, परत लावा. नीट बसला की तो टेकल्याचं हाताला कळतं, मग तिन्ही बोल्ट हाताने चढवा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा, कव्हरचे आटे गेले तर काम फार वाढतं.

कनेक्टरच्या पिना साफ करा, कनेक्टरच्या रबरी सीलला आणि वायरींच्या बुटांच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या, जास्त नको. वायरी टेपच्या नंबरप्रमाणे लावा, प्रत्येक बूट बसल्याचा टक आवाज यायला हवा. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे, पण कॅपच्या आतली जोडणी वेगळी असते त्यामुळे जुन्या डिस्ट्रिब्युटरसारख्या ऑर्डरने गोल गोल वायरी लावत जाऊ नका, ज्या टोकाला जी वायर होती तीच. वायरी डॅम्परला किंवा एक्झॉस्टला घासत नाहीत ना ते बघा, जुन्या क्लिपा मोडल्या असतील तर नव्या लावा. नळ्या असतील तर त्यांची दिशा उलटी करू नका, फोटो बघा.

मग डॅम्पर खुणेवर खूण जुळवून लावा. पंप चढवण्याआधी ऑप्टीवर परत पिशवी. कपलरच्या दातांना थोडं ग्रीस, गॅस्केट कोरड्या स्वच्छ जागेवर, आणि पंप सरळ आत ढकला, कपलरचे दात जुळत नसतील तर पंपाचा शाफ्ट थोडा फिरवा. सहाही बोल्ट आधी हाताने, मग आलटून पालटून टॉर्कवर. होज, सेन्सर, बेल्ट, हवेचा पाइप. पिशवी काढायला विसरू नका.

कूलंट भरणं आणि पहिला स्टार्ट

एलटी-१ मध्ये पाणी उलटं फिरतं, आधी हेडमध्ये आणि मग ब्लॉकमध्ये, त्यामुळे हवा अडकली तर ती हेडमध्येच अडकते, आणि नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त तापते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावरचा हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं, अगदी सावकाश भरा. स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. वरून सांडणारं ऑप्टीवर जाऊ नये म्हणून तिथे फडकं धरा, मी हे प्रत्येक वेळी करतो. हिरवं आणि नारंगी कूलंट एकमेकांत मिसळू नका.

बॅटरी जोडा आणि स्टार्ट करा. या डिस्ट्रिब्युटरला फिरवून टायमिंग लावायचं नसतं, ते कॉम्प्युटर सांभाळतो, तुम्ही नीट बसवला असेल तर टायमिंग बरोबरच आहे. आधीच्या प्रयत्नांत पेट्रोल जास्त झालेलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, तेव्हा कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि सिलेंडर कोरडे होतात. चालू झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. सगळे होज सारखे गरम व्हायला हवेत. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच, भरून घ्या.

इतकं केल्यावर गाडी एकदा नीट चालवा, आणि परत आल्यावर लगेच टॉर्च-आरसा घेऊन पंपाखाली बघा. मी पहिला आठवडा रोज बघायचो आणि ऑप्टीच्या खाली एक कोरडा पांढरा पुठ्ठा ठेवायचो, त्यावर थेंब पडला की रंगावरून कळतं ते कूलंट आहे, ऑइल आहे की नुसतं पाणी. इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुणं कायमचं बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. आणि दर वेळी ऑइल बदलताना पंपाचं ते छोटं भोक बघत जा. दुसऱ्यांदा काम केल्यापासून मी ते चुकवलेलं नाही, आणि माझा पुठ्ठा अजून कोरडा आहे.